हेडफोनची वायर निघाली तेव्हा

सुटीच्या दुपारी मी कॉम्प्युटरवर गेम खेळत होतो. त्यात जग संपलेलं असतं, ओसाड शहरात आंधळे राक्षस आवाजाच्या मागावर फिरतात. ऐन वेळी हेडफोनची वायर निघाली आणि एक राक्षस स्पीकरमधून घरभर किंचाळला. मी खुर्चीतच दचकलो. शेजारी पाठमोरे बसलेले आप्पा, माझे वडील, निवांत सुपारी कातरत होते.

मागून हाक मारली की ओ देत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर कायम चिडायचो. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात लूमवर त्यांची तीस वर्षं गेली. तिथल्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आप्पा, चहा घेणार?"

"अर्धाच कप दे," ते म्हणाले.