वरून टाकलेला चष्मा

"पदर पसर," पोस्टमास्तर म्हणाले.

मायनं पसरला. दोन्ही टोकं हातांत धरली, मान वर केली आणि ओसरीखाली उभी राहिली. मास्तर वर, ओसरीच्या कडेला. त्यांच्या हातात एक लहानशी पुठ्ठ्याची डबी. वरून कापड शिवलेलं, लाखेचे शिक्के मारलेले. मला त्यांनी आधीच लांब लिंबाखाली पाठवलं होतं. "त्या पोरीची सावली पायरीवर पडून राह्यली. तिले मागं घे." मी मागे झाले होते.

"मले दिसत नाही जी, मास्तर," माय म्हणाली. "पायरीवर ठेवा. मी चाचपून उचलीन."

"मंग पायरी कोण धुईन? नीट पसर."

आणि सोडली.

डबी पदराच्या बाहेरून गेली. दगडी पायरीवर कोपऱ्यावर आपटली, तिथून खाली आली. आतून आवाज झाला. हातातली बांगडी फुटते तेवढाच. लिंबाखाली मला ऐकू आला.

माय तशीच उभी होती. पदर पसरून, मान वर करून. तिला वाटत होतं, डबी अजून मास्तरांच्या हातातच आहे.

ओसरीवर टपाल न्यायला आलेले दोघे-तिघे बसले होते. त्यातला एक हसला. मग सगळेच हसले. मी धावत जाऊन डबी उचलली, मायच्या हातात दिली. ती म्हणाली, "आलं का वं?" मी म्हटलं, "आलं." तिनं डबी कानाशी नेऊन हलवली आणि तिचं तोंड उतरलं.

त्या डबीत तिचा चष्मा होता.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या वाटेवर. नाव सांगत नाही. सांगितलं की तिथले लोक लगेच म्हणतील, आमच्याकडे असलं काही नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोठं सरकार नागपुरात बसायचं. गावात पोस्ट होतं ते मास्तरांच्या ओसरीवर. त्यांची जमीन मोठी, घर मोठं, आणि वर सरकारचा शिक्काही त्यांच्याकडेच. आम्ही महार. आम्हाला पोस्टकार्डसुद्धा वरून मिळायचं. पैसे पायरीवर ठेवायचे, मास्तरीणबाई वरून तांब्याभर पाणी ओतायच्या, मग ते पैसे सोवळे व्हायचे आणि पेटीत जायचे. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. पाऊस जसा वरून पडतो तसं सगळं आम्हाला वरूनच मिळतं, असंच मी समजत होते.

बाप मी रांगत होते तेव्हाच गेला होता. घरात माय आणि मी. माय कापूस वेचायची, निंदायला जायची. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. एक डोळा पार गेला. दुसराही जायला लागला, तेव्हा कोणीतरी सांगितलं, निजामाच्या मोगलाईत जालन्याला मिशनचा दवाखाना आहे, तिथे डोळा कापून बरा करतात. मायनं बकरी विकली, करडू विकलं. आम्ही चालत गेलो. डॉक्टरीणबाईनं डोळा कापला, पट्टी सुटली, आणि मायला उजेड दिसला. पण नुसता उजेड. सगळं धुरकट, हात पुढे केला तर बोटं दिसायची नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता जाड भिंगाचा चष्मा लागेल, तो मुंबईहून पोस्टानं येईल, तो घातला की शेतात जाता येईल. चष्म्याचे पैसे माय तिथेच देऊन आली.

तेव्हापासून ती रोज मला विचारायची, "आज टपाल आलं का वं?"

विचार करा. तो चष्मा मुंबईहून निघाला. रेल्वेत चढला, उतरला, मोटारीत आदळला, टपाल वाहणाऱ्या हलकाऱ्याच्या डोक्यावरून धुळीतून आला. किती हात लागले असतील त्याला. कुणी विचारलं नसेल, हा कुणाच्या डोळ्यांवर बसणार आहे. एवढ्या लांबवर काच शाबूत आली. फुटली ती आमच्या मास्तरांच्या पायरीवर.

घरी येऊन डबी उघडली. चौकट वाकली होती. कामाच्या डोळ्याचं भिंग फुटून त्याचे तुकडे झाले होते. मायनं चाचपून त्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला आणि डोळ्यासमोर धरला. माझ्याकडे वळली. बराच वेळ बघत राहिली.

"केवढी मोठी झाली वं तू," ती म्हणाली.

मग तिचं बोट कापलं, आणि तिनं तुकडा खाली ठेवला. रडली नाही. म्हणाली, "माहाच पदर चुकला. नीट धराले पायजे होता." मला तिची लाज वाटली. आज हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच. मला मास्तरांचा राग आला नाही. मला मायची लाज वाटली, की तिला एवढीशी डबी झेलता येत नाही, की ती मान वर करून खुळ्यासारखी उभी राहिली, की माणसं हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. माय खालून म्हणाली, "मास्तर, चष्मा फुटला जी. सरकारातून काही भरपाई भेटते का?"

मास्तरांनी वहीतून मान वर केली नाही. "इमा उतरवला होता का?"

"तो काय असते जी?"

"नाही उतरवला. बिनइम्याच्या पार्सलाची सरकार हमी घेत नाही. फुटलं तं फुटलं. जाय."

"पण तुमच्या हातून..."

आता त्यांनी मान वर केली. "माह्या हातून? तुही जीभ लई चालून राह्यली. जाय म्हणतो ना!"

मायनं जागच्या जागी नाक घासलं. चुकलं म्हणाली. कशाबद्दल ते तिलाही माहीत नसणार.

पण मायच्या मनातून भरपाई जाईना. दुसरा चष्मा घ्यायला विकायला काही उरलं नव्हतं, आणि कापूस फुटायला आला होता. दुसरबीडच्या बाजारात एक अर्ज लिहून देणारा बसायचा. त्याला तिनं सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, किंवा त्या दिवशी त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं अर्ज लिहिला: पोस्टमास्तरांनी पार्सल वरून टाकलं, बाईला दिसत नाही, चष्मा फुटला, भरपाई मिळावी. मायनं अंगठा दिला. अर्ज गेला नागपूरला. तो मास्तरांच्याच पोस्टातून जाऊ नये म्हणून त्या माणसानं दुसरबीडलाच टाकला. अक्कल त्याची.

कापूस अर्धा वेचून झाला तेव्हा पोस्टाचे इन्स्पेक्टर आले. टोपी, कोट, सायकल. त्यांना ओसरीवर खुर्ची मिळाली, चहा मिळाला. गाव जमा झालं. मास्तरीणबाई दारात उभ्या. आम्ही दोघी खाली उन्हात.

इन्स्पेक्टरांनी एक कागद काढून वाचला. "मास्तरांनी लेखी दिलं आहे. पार्सल शाबूत स्थितीत बाईच्या हाती सोपवले. नंतर तिच्या हातून पडले." कागदावरून त्यांनी मायकडे पाहिलं. "बरोबर आहे का?"

मायनं आवाजाच्या दिशेनं मान वर केली.

आणि मी बोलले. कुठून बोलले कोण जाणे. गावात कोणाही मोठ्या माणसासमोर तोवर मी तोंड उघडलं नव्हतं.

"हातात देलं का, इचारा त्याहिले."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बसलेल्यांनी पाहिलं. हातात दिलं म्हणाले तर महारणीला शिवले, असं सगळ्या गावासमोर झालं. नाही दिलं म्हणाले तर सरकारला खोटं लिहिलं. मला वाटलं, आता सापडले. आता मायला चष्मा मिळतो. मी तिचा हात घट्ट धरला.

मास्तर थोडे घोटाळले. मग हसले.

"हातात कसं देईन, साहेब? लिवायची पद्धत असते म्हणून लिवलं. वरून टाकलं, पदरात. आमच्या इथं पयलेपासून तसंच चालते."

आणि गावानं माना डोलावल्या. इन्स्पेक्टरांनीही. एवढंच ना, असं त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी पेन उघडलं आणि मायला विचारलं, "मग तू झेललं का नाहीस?"

"दिसलं नाही जी."

"दिसत नाही तर दुसऱ्या कोणाला पाठवायचं होतं." ते लिहीत गेले. "पार्सल देण्यात कसूर नाही. घेणाऱ्या बाईचा निष्काळजीपणा. शिवाय विमा नाही." टोपी घातली. झालं.

मला कोणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या सगळ्यांत एकालाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. सगळ्यांचे डोळे चांगले होते.

मास्तर आता मोकळे झाले होते. मोकळ्या माणसाला दया येते. त्यांनी घरातून सूपभर ज्वारी मागवली. "गरीब हाये बिचारी. साहेब, आम्ही काही कोणाचं वाईट करत नाही. घे वं, पदर पसर."

मायनं पसरला. मागच्यासारखाच. दोन्ही टोकं धरून, मान वर करून. घरात दाणा नव्हता, मला माहीत होतं. मास्तरांनी सूप तिरपं केलं.

मी मायचा पदर ओढून खाली केला.

ज्वारी पायरीवर पडली, धुळीत पडली, इन्स्पेक्टरांच्या बुटांवर उडाली. "काऊन वं, मस्ती आली का?" कोणीतरी ओरडलं. मायनं मला थोबाडीत मारली. नेम चुकला नाही तिचा, दिसत नसतानाही. मग ती खाली बसली आणि चाचपत दाणे गोळा करायला लागली. मी तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. ती दाणे सोडेना. मी ओढत राहिले. ती रडत होती, मी रडत होते, आणि वरून माणसं शिव्या देत होती. तशीच तिला घरापर्यंत आणली.

त्या दिवशी आम्ही उपाशी झोपलो. माय पाठ फिरवून म्हणाली, "जवारीनं तुह्यं काय घोडं मारलं होतं?"

पुढे गावात आम्हाला काम मिळेना. बीबी गावाच्या बाजूला एका मळ्यात मी वेचायला जायला लागले. मायला बांधावर बसवायची, ती बोंडांतली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडायची, बोटांनीच. चष्मा पुन्हा झाला नाही. मी मोठी होऊन चार पैसे कमवायला लागले, तोवर तो डोळाही विझला होता. मला तिनं शेवटचं पाहिलं ते काचेच्या त्या तुकड्यातून.

ज्वारीच्या त्या दिवसापासून दुकानदार मीठ वरून टाकायला लागला की मी तळहात त्याच्या फळीवर ठेवायची. तो हातावर मीठ ठेवायचा नाही, मी तळहात उचलायची नाही. मीठ न घेता परत यायची. पुष्कळदा आम्ही अळणी खाल्लं. माय चिडायची. मग चिडायची थांबली. मग एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "माही पोरगी हातात देल्याबिगर घेत नाही." ती हे भीतभीतच सांगत होती.

लाज मला अजून वाटते. लिंबाखाली जा म्हटल्यावर मी गेले, याची वाटते. माय पदर पसरून उभी राहिली तेव्हा मला तिचीच लाज वाटली, याची तर सगळ्यात जास्त वाटते. ही लाज मी कोणाच्या गळ्यात घालत नाही. ती माझी आहे.

पण सरकारच्या कागदावर माझ्या मायच्या नावापुढे निष्काळजी असं लिहिलं आहे. तो कागद कुठल्या तरी कपाटात पडला असेल, किंवा वाळवीनं खाल्ला असेल. मला ते मान्य नाही. चष्मा तिच्या हातून पडला नाही. तिच्या हातात तो कोणी दिलाच नाही. मला पैसे नकोत आता. माझी भरपाई एवढीच, की ज्यांनी टाकलं त्यांनी आपल्या तोंडानं म्हणावं, आम्ही टाकलं म्हणून फुटलं, आणि टाकणं हाच गुन्हा होता. ते गेले असतील तर त्यांच्या मुलांनी म्हणावं. मुलं नसतील तर गावानं म्हणावं.

मी ते मागणार आहे. खाली उभी राहून नाही. ओसरीवर चढून.