मारुतीभाऊंनी लपवलेला पासपोर्ट

मारुतीभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला. "काका, दादा पहाटे गेले," एवढंच ती म्हणाली. अजिंठ्याच्या लेण्यांत आम्ही दोघांनी वीस-बावीस वर्षं पर्यटकांना चित्रं दाखवली. ते माझ्याहून थोरले. धनगराघरचा हा माणूस, शाळा चौथीपर्यंत, पण पर्यटकांकडून ऐकून ऐकून इंग्रजी बोलायला शिकला होता.

मातेओ आला ते बाहत्तरचा दुष्काळ सरतानाचं वर्ष. चिलीमधला चित्रकलेचा शिक्षक. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढायला आला होता. तो सांगायचा, "निघालो तेव्हा आमच्याकडं ट्रक बंद होते, पावासाठी रांगा लागत होत्या, शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता." धाकटा भाऊ लुईस तांब्याच्या खाणीत कामगारांचा पुढारी होता. त्याचं नाव काढताना मातेओच्या बोलण्यात काळजीही असायची अन् अभिमानही.

मग रेडिओवर बातमी आली. लष्करानं सरकार उलथवलं होतं, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर विमानांतून बॉम्ब पडले होते, राष्ट्राध्यक्षही गेले होते. मातेओ लॉजच्या पायरीवर नुसता बसून राहिला. मारुतीभाऊंनी त्याची पिशवी उचलली आणि त्याला शहरातल्या मुकुंदवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. त्यांची बायको गंगावहिनी रेशनच्या लाल मिलोच्या, म्हणजे दुष्काळात आलेल्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी करायच्या. मातेओ चुलीसमोर बसून त्या खायचा.

काही आठवड्यांनी त्याच्या मावशीचं पत्र आलं. लुईसला घरातून उचलून नेलं होतं. कुठं, ते कुणी सांगत नव्हतं. मातेओनं त्याच दिवशी सामान बांधायला घेतलं. कुणीतरी दारोदार जाऊन विचारायला हवं, असं तो म्हणत होता. पण पासपोर्ट काही सापडेना. सगळं घर पालथं घातलं. तिसऱ्या दिवशी त्यानं मारुतीभाऊंच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओळखलं. त्यानं त्यांची गचांडी धरली. मारुतीभाऊंनी ती सोडवली नाही.

मी त्यांना बाजूला नेऊन विचारलं, "भाऊ, असं का केलंत?"

"निजामाच्या वक्ताला पोलीस ॲक्शन झाली, त्या धामधुमीत माझा बाबा बाजारला बकऱ्या घेऊन गेला, तो आला नाय," ते म्हणाले. "त्याला हुडकायला चुलता गेला. तो बी आला नाय. मी सात वर्षांचा होतो. आई मला दाराच्या बाहेर पाय टाकू देत नव्हती... एकाला हुडकायला दुसरा पाठवायचा नसतो."

मातेओनं जेवण सोडलं. पाचव्या दिवशी वहिनींनी मिलोच्या पोत्यात हात घातला, पासपोर्ट काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. नवऱ्याला म्हणाल्या, "त्याचा भाऊ हाय. आपण कोन अडवनारे?" मारुतीभाऊ त्याला स्टेशनवर पोचवायला मात्र गेले. गाडी हलेपर्यंत मातेओनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

तो चिलीला पोचलाच नाही. वाटेत त्याला कळलं की लुईसची चौकशी करायला गेलेल्या दोघा मित्रांनाही धरून नेलं. मग तो मेक्सिकोत राहिला. तीन वर्षांनी त्याचं पत्र आलं. मारुतीभाऊंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. लुईसचा पत्ता लागला नव्हता. शेवटी लिहिलं होतं : तू मला त्या दिवसांत रोखलं नसतंस, तर त्या दोघांबरोबर मीही गेलो असतो. हे मला कळतं. तरी तुला माफ करता येत नाही.

"बराबर लिवलंय त्यानं," मारुतीभाऊ म्हणाले. पुन्हा पत्र आलं नाही. पण पुढं लेण्यांत स्पॅनिश बोलणारं कुणीही आलं की ते आधी विचारायचे, "चिली?" समोरच्यानं होकारार्थी मान हलवली की दोन्ही भावांची नावं सांगायचे.

त्यांच्या तेराव्याला मी गेलो. वहिनींनी गेलेल्यांसाठी तीन पानं मांडली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "एक यांचं. एक सासरे आन् चुलतसासऱ्यांचं. हे असेस्तोवर मांडू देत नव्हते. बाबा मेलाय असं कुनी सांगितलंय, म्हनायचे." तिसरं लुईसचं होतं. त्यावर त्यांनी भात वाढायला घेतला आणि हात तसाच थांबला...

"नगं," त्या म्हणाल्या. "तिकडं मातेओ अजून वाट बघत असंल." आणि त्यांनी ते पान उचलून घेतलं.