नानांचा बिनचूक आकडा

सुरतेतला एकही काटा खरं बोलत नाही, यावर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेला माणूस मी एकच पाहिला: माझे घरमालक. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सुरतेजवळच्या सचिन वसाहतीतल्या कारखान्यांत मशीनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि रिटायर झाल्यावर त्यांनी सगळी दुनियाच दुरुस्तीला काढली. डॉक्टरांनी ताप मोजला की घरी येऊन आपल्या थर्मामीटरने पुन्हा मोजायचे आणि डॉक्टरांना फोन करून फरक कळवायचे. "अंदाज हे आळसाचं सभ्य नाव आहे," असं म्हणायचे. आतून नानी विचारायची, "मीठ मी अंदाजेच टाकस. मंग कसं चाटीपुशी खातस तुम्ही?"

मी शिरपूरकडचा, कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला. भीत भीत खोली मागायला गेलो, तेव्हा विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की शाळा आठवीत सुटली. नाना म्हणाले, "म्हणजे आठ वर्षं शिकलास की! तोंड कशाला पाडतोस?" त्या एका वाक्यावर मी या परक्या गावात टिकलो.

नानांची एक जुनी गाडी होती. तिच्या इंजिनाचा कॉम्प्युटर जळाला, मूळचा मिळेना, म्हणून नानांनी बाहेरचा बसवला. इंजिन सुरू झालं. पण गाडी चालतेय की उभी आहे, हे त्या कॉम्प्युटरला कळायची सोयच नव्हती. सिग्नलजवळ हळू केली की इंजिन बंद. मागचे रिक्षावाले गुजरातीत आमच्या सात पिढ्यांची चौकशी करायचे. नाना हसायचे, पण मनातून घाबरलेले असायचे. नानीचं हृदय दमलं होतं, बसचे धक्के तिला झेपणार नव्हते, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात, तसं तिला या गाडीतून नवापूरच्या पुढे माहेरी न्यायचं होतं.

चाक फिरवणाऱ्या दांड्यावर नानांनी चार लोहचुंबक बसवले, शेजारी वेगाचा सेन्सर लावला, तार कॉम्प्युटरला जोडली. त्याच दिवशी गाडी सिग्नलला थांबली आणि इंजिन गुणगुणत राहिलं. काम झालं होतं. पण गाडीतल्या छोट्या पडद्यावरचा वेग किंचित चुकत होता, आणि नानांना तो बिनचूक हवा होता! किलोमीटरला सेन्सरचे ठोके किती पडतात, हे मोजायला आम्ही रोज सकाळी बारडोलीच्या रस्त्याला. नाना चालवायचे, शेजारी मी लॅपटॉप धरायचो, आणि किलोमीटरचा दगड आला की मागून नानीने ओरडायचं: "उना!" नानी उसाच्या गाड्या बघण्यात रमायची आणि दगड गेल्यावर किंचाळायची, "उना... गया वं माय!" रोज आकडा वेगळा. रोज नाना म्हणायचे, "पुन्हा."

एकदा परतताना नानी म्हणाली, "आते चाला ना. भाऊ वाट दखी राह्यना. माले आकडा काय करना शे?"

"थोडीच चूक राहिली आहे. ती निघाली की जाऊ."

नानीने आरशातून माझ्याकडे पाहिलं. जायला आकड्याची काहीच गरज नव्हती, हे मला कळत होतं. पण ज्यांनी मला आसरा दिला, त्यांना चुकलात म्हणायचं कोणत्या तोंडाने? मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

गेल्या वर्षी आखाजी आठ दिवसांवर असताना नानी गेली. भर दुपारी, जेवणाचं ताट पुढ्यात असताना.

यंदाच्या आखाजीला नाना एवढंच म्हणाले, "चल." वाटेत त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. सोनगड मागे पडल्यावर मला राहवेना. म्हणालो, "नाना, गाडी तेव्हाच ठीक झाली होती. मी बोलायला पाहिजे होतं."

"मला काय कळत नव्हतं, बावळटा?" नानांनी गिअर बदलला. "आकडा जुळला असता, तर दुसऱ्या दिवशी तिला घेऊन सकाळी कुठे गेलो असतो?"

माहेरच्या अंगणात गाडी थांबली. नानीचा भाऊ धावत आला आणि सवयीने त्याने आधी मागचं दार उघडलं. मग ते दार आमच्यापैकी कोणालाच लावता येईना.