मामाच्या वरकसातला रानपिंगळा

आमच्या घरात कुणालाच हळू बोलता येत नाही. कामतघरची आमची खोली कापड विणणाऱ्या लूमच्या दोन कारखान्यांच्या मधे, त्यामुळे ताटात मीठ मागायचं तरी ओरडूनच मागावं लागायचं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, त्यातल्याच एका कारखान्यात जॉबर झाला. लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा हे त्याचं काम, आणि ते करता करता त्याचे कान निम्मे गेले. अशी माणसं पक्षी बघायला निघाली म्हटल्यावर चाळ पोट धरून हसली. हसू दे. आज हे लिहिताना माझी मान ताठ आहे, आणि ती का ताठ आहे तेच सांगायचं आहे.

खूळ बाईंचं. बाईंनी आम्हा भावंडांना शाळेत शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहतात. मुलाने दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून त्या गच्चीवर घारी बघत बसायच्या. एकदा त्यांनी आम्हाला रानपिंगळ्याची गोष्ट सांगितली. वीतभर घुबड. कित्येक पिढ्या कुणाला दिसलं नाही म्हणून पुस्तकांनी ते संपलं असं लिहून टाकलं होतं. मग ते सातपुड्याकडे सापडलं, आणि अलीकडे आपल्या तानसाच्या जंगलातही. बाई म्हणाल्या, तानसात आहे, तर पडघ्याच्या आत तुमच्या मामाच्या रानात का नसेल?

मामाचं रान म्हणजे खाली भातखाचरं आणि वर वरकस, म्हणजे भात न पिकणारी चढावरची जमीन. त्या वरकसात साग आणि ऐनाची जुनी झाडं आहेत, आमच्या आईच्या लहानपणीही ती जुनीच होती म्हणे. मामा ती जमीन गोडाऊनवाल्या पार्टीला द्यायला निघाला होता. बोलणी झाली होती, सही बाकी होती. होळी झाली की झाडं आडवी होणार आणि वर जेसीबी चढणार.

मी मामाशी भांडायला गेले. मामाने मला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं, "तुझी भाकर कुठशी येते, बाय? काल्हेरच्या गोडाऊनमदनंच ना?"

मी काल्हेरला एका गोडाऊनच्या ऑफिसात क्लार्क आहे. नाकाला मिरच्या झोंबल्या. माझा पगार गोडाऊनमधूनच येतो, तेव्हा गोडाऊनला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तरी मी ठेवते. तेव्हाही ठेवली, आणि बरीच ठेवली. शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून मामा म्हणाला, "पाखरू दाव. मोबाइलवरचा फोटो न्हाय, मी माझ्या डोल्यांनी बघंन. मंग झाडांना हात लावणार न्हाय." मामाने शब्द दिला की तो मोडत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. शब्द दिला तेव्हा पाखरू सापडणार नाही याचीही त्याला खात्री होती.

भातकापणी उरकल्यावर आमचे रविवार सुरू झाले. दादा सुट्टी मागून घ्यायचा. पहाटे रिक्षा, मग पडघ्यापर्यंत एसटी, मग पायी. पहिल्याच दिवशी दिसेल असं मला वाटलं होतं; पी हळद अन् हो गोरी. दिसले ते फक्त उडून जाणाऱ्या पक्ष्यांचे शेपटीकडचे भाग. कारण आम्ही बोलत होतो. दादाची कुजबुज ऐकून पलीकडच्या खाचरातले बगळे उठायचे. मी त्याला गप्प बस म्हणून सांगायचे, ते त्याहून मोठ्याने. बाई आम्हा दोघांना दटावायच्या, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवायची त्यांची सवय काही गेलेली नव्हती.

असे बरेच रविवार फुकट गेले. एकदा बाई ऐनाखाली दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, पक्षी असेलही, पण आपल्यासारख्यांना तो दिसायचा नाही. त्यांचा चेहरा उतरलेला बघून दादाला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, कारखान्यात कोण तोंडाने बोलतं?

खरंच की. लूम चालू असताना शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही. म्हणून कारखान्यात माणसं ओठ हलवतात, आवाज काढत नाहीत, आणि उरलेलं हातांनी सांगतात. तळहात खाली केला की थांब. दोन बोटं हलवली की धागा तुटला. यूपीचा माणूस आणि कामतघरचा माणूस अशा गप्पा तासन् तास मारतात, विनोदसुद्धा करतात. दादाने त्या ऐनाखालीच आमची शाळा घेतली. धागा तुटल्याच्या दोन बोटांचा अर्थ आम्ही "पक्षी आहे" असा ठरवला. बाई ओठ हलवताना हमखास आवाज काढायच्या, आणि दादा आपल्याच बाईंना दटावायचा. इतका खूश मी त्याला फार दिवसांनी पाहिला.

त्यानंतर रान आमच्याजवळ यायला लागलं. सुतारपक्षी आला, हळद्या आला, एकदा तर भेकर आमच्या समोरून चरत गेलं. रानपिंगळा मात्र आला नाही.

होळी जवळ आली. एका सकाळी आम्ही हात हलवत वरकसातून खाली उतरलो, तर मामाच्या गोठ्यामागच्या चिंचेवर एक पिंगळा बसलेला. मामाने तो आम्हाला दाखवला आणि विचारलं, "ह्योच ना?" मग आमच्या तोंडांकडे बघत स्वतःच म्हणाला, "बघला मी. झालं."

आता वाटतं, मामालाही झाडं वाचवायचं निमित्त हवं होतं. बाई दुर्बिणीची काच पुसायला लागल्या. मी चपलेतला खडा काढायला वाकले. एक हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. तेवढ्यात दादा आपल्या कारखान्याच्या आवाजात म्हणाला, "मामा, हा तो न्हाय. याचं डोकं ठिपक्यांनी भरलंय. त्याचं साफ असतं."

पिंगळा उडाला. मामा बैलांना वैरण टाकायला गेला. पडघ्यापर्यंत मी दादाच्या दहा पावलं पुढे चालत राहिले. हातातोंडाशी आलेला घास याने आपल्या हाताने घालवला होता. स्टँडवर आल्यावर तोच म्हणाला, "खोटा दाखवला असता, तर खरा सापडल्यावर काय दाखवलं असतं?" चिडून मी त्याला चहा पाजला.

होळीआधीचा शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी पार्टीचा माणूस सहीला यायचा होता. साग पुरते निष्पर्ण झाले होते. कुठली झाडं आधी पाडायची ते ठरवायला मामा आमच्याबरोबरच वर आला होता, आणि जेसीबी कुठल्या बाजूने चढेल ते सगळ्या रानाला ऐकू जाईल असं सांगत होता. त्याच्या आवाजाला जन्मात कधी कुलूप नव्हतं.

तेवढ्यात मला ऐकू आलं. ओ... आव. दोन सूर, दुसरा थोडा लांबवलेला. मी तळहात खाली केला. मामाला गप्प बसवणारा आमच्या नात्यात आजवर जन्मला नव्हता, पण दादाने आणि बाईंनीही तसाच हात केला आणि मामा बोलता बोलता थांबला.

आवाज पुन्हा आला. मी चढाकडे बोट केलं. मला दिसत काहीच नव्हतं, नुसती खोडं आणि फांद्या. दादाला ऐकू काहीच आलं नव्हतं, पण हजार धाग्यांतला तुटलेला एक शोधण्यात त्या डोळ्यांची उमर गेली आहे. माझ्या बोटाच्या रेषेत तो बघत राहिला, आणि मग त्याने दोन बोटं हलवली.

सागाच्या उघड्या फांदीवर, भर उन्हात, तो बसला होता. वीतभर. डोकं साफ. छाती गडद तपकिरी, पोट पांढरं, आणि पाय थेट पंज्यांपर्यंत पांढऱ्या पिसांचे, लोकरीचे मोजे घातल्यासारखे. एका पंज्याखाली सरडा. शेपटी डावी-उजवीकडे हलवत तो आमच्याकडे बघत होता. बाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि पदराने डोळे पुसले, तेवढ्या वेळात तो उडाला असता तरी त्यांना चाललं असतं.

मामा दादाकडे वळला. त्याने ओठ हलवले, आणि आवाजाचा कणसुद्धा काढला नाही.

"ह्योच?"

दादाने मान हलवली. मामा खाली बसला आणि पाखरू उडून जाईपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पार्टीचा माणूस चहा पिऊन परत गेला. घरावर पिंगळा बोलणं मामीला अपशकुनाचं वाटतं, तिने कुरकुर केली, तर मामा तिला म्हणाला, तो आपल्याही आधीपासून इथला आहे, बोलायचं तिथे बोलू दे. वनखात्याला आम्ही कळवलं, त्यांची माणसं येऊन बघून गेली. जागा आम्ही कुणाला सांगत नाही. मामा आता स्वतः रोज वर चक्कर मारतो, आणि सरपणाला आलेली एखादी बाई मोठ्याने बोलली तर तिच्याकडे बघून तळहात खाली करतो.

पण त्या रविवारी परत येताना पडघ्याच्या एसटीत जे झालं ते मला या सगळ्याहून जवळचं आहे. दादाने मला विचारलं, तो बोलतो कसा? ज्याच्यासाठी एवढे रविवार घातले, त्याचा आवाज याने ऐकलाच नव्हता आणि पुढेही ऐकणार नव्हता. मी त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश, आवाज न करता, ओठांनी दाखवलं. ओ... आव. त्याने नीट बघितलं. मग स्वतः म्हणून पाहिलं, कारखान्याच्या आवाजात, दुसरा सूर बरोबर लांबवून.

सगळी एसटी वळून बघायला लागली. पुढच्या सीटवरच्या एका बाईने मला विचारलं, कोण आहेत हे?

"माझा भाऊ आहे," मी म्हटलं, आणि तेही हळू म्हटलं नाही.