फुलाबाईंची गाडीतली झोप

फुलाबाईंना गाढ झोप लागायची ती एकाच ठिकाणी, दौंडहून बारामतीला येणाऱ्या गाडीत. काटेवाडीच्या घरात गादी होती, पंखा होता. पण पाठ टेकली की पाण्याची पाळी आठवायची, म्हैस हंबरायची आणि झोपेचं खोबरं व्हायचं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत मेथी-गवार विकून, रिकाम्या पाट्या एकात एक घालून त्या खिडकीशी बसल्या, की गाडी हलायच्या आत डोळा लागे. आणि चिंता तरी कसली? बारामतीच्या पुढं रूळच नाहीत. झोपलेलं माणूस वाहून जाईल कुठं!

हे स्टेशन त्यांच्या डोळ्यांदेखत मोठं झालं. त्या नवरी होऊन आल्या तेव्हा अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती, इतकी निवांत की वऱ्हाडातली पोरं खाली उतरून बोरं वेचून पुन्हा चढली होती. पुढं रूळ रुंद झाले, फलाट लांबला, शेड आली, पुण्याला थेट गाडी सुरू झाली. कॉलेजच्या पोरी, नोकरदार माणसं आता धावतपळत येतात. फुलाबाई मात्र सावकाशच चढतात. गाडी मोठी झाली म्हणून आपण कशाला घाई करायची, असं त्यांचं म्हणणं.

यंदा लेकानं, शिवमनं, टेम्पो घेतला. "आई, आता रेल्वेचे हाल बंद," तो म्हणाला. फुलाबाईंना गाडीतली आपली खिडकी आठवली. पण लेकाची हौस मोडवेना, म्हणून त्या चार-दोनदा टेम्पोतून गेल्या. येताना डोळे टक्क उघडे.

"झोप की गं जरा."

"आरं, टेम्पो तू चालवतोस. तू जागा हायेस का, ते कुणी बघायचं?"

शेवटी त्या हट्टानं पुन्हा गाडीनंच गेल्या. शिवम फुगला. दारात टेम्पो उभा असताना आई पाट्या घेऊन रेल्वेनं जाते, म्हणजे गावात शोभा! आज स्टेशनावरच गाठून हे बंद करतो, असं बायकोला, अनिताला, बजावून तो निघाला.

तिकडं कटफळ मागं पडलं होतं. पापण्यांवर ऊन येत होतं, जात होतं. फुलाबाईंच्या झोपेत छोटी गाडीच चालली होती. हातभर हिरवा चुडा, खिडकीबाहेर माळ, आणि कुणीतरी रुळांशेजारून चालता चालता म्हणत होतं, घे की, बोरं घे. त्या हात पुढं करत होत्या आणि गाडीला कसलीच घाई नव्हती.

जाग आली तेव्हा डबा रिकामा होता. समोरच्या बाकावर पाट्या मांडीवर घेऊन शिवम बसला होता.

"कवा आलास? उठवलं का न्हाईस?"

तो भांडायला आला होता, पण हळूच म्हणाला, "तुला झोपलेली कधी बघितलंच न्हवतं, आई."

फुलाबाई उगीच पदर सारखा करत बसल्या.

"मेथी-गवार, सगळं माळवं मी टेम्पोनं दौंडला नेतो," शिवम म्हणाला. "तू गाडीनं जा, गाडीनंच ये. मी हितं न्यायला येतो."

"ये. पर लगीच उठवू नगंस."

"न्हाय उठवत," तो म्हणाला.