हरणाऱ्याचं ताट

किस्से काही कुणी मागून आणत नाही. हॉटेलात माणूस चहा पितो, गप्पा मारतो आणि जाताना एखादा किस्सा सोडून जातो, छत्री विसरावी तसा. फरक एवढाच की छत्री न्यायला तो परत येतो, किस्सा न्यायला येत नाही! आरमोरीच्या आमच्या हॉटेलात असे पुष्कळ साचलेत. मी लग्न होऊन या घरात आले त्याला आता वर्ष होईल. मी कमी बोलते, म्हणून सगळे आपापलं माझ्याजवळ ठेवून जातात. त्यातले टुर्नामेंटचे तेवढे इथे सांगते.

*

आधी टेबल कसं आलं ते.

एका साहेबाच्या जुन्या बंगल्यावर लिलाव होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, तिथे लाकूड घ्यायला गेले. हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चढवलेलं एक भलंमोठं टेबल दिसलं. त्यांनी पाय ठोकून पाहिला. अस्सल सागवान! बोली लावली, चार बैलांच्या गाडीवर घालून घरी आणलं, बनात उचलली. खाली लाकूड नव्हतंच. दगडाच्या लाद्या!

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लादीवरून हात फिरवला.

"चांगला हाये," त्या म्हणाल्या. "एवढ्या पाट्यावर साऱ्या आरमोरीचा मसाला वाटून देऊ!"

*

पाटा व्हायचा वाचला तो आमच्या ह्यांच्यामुळे. हे त्याच बंगल्यावर दोन वर्षं कारकून होते. साहेब खेळायचे आणि हे गुण लिहायचे. म्हणाले, "बाबा, हे बिलियर्डचं टेबल हाये. काठीनं गोळे ढकलाचे अन् कोपऱ्यातल्या जाळीत पाडाचे."

"पाडून काय होते?"

"मानूस थांबते."

मामाजींनी बनात परत चढवली, कारण थांबणाऱ्या माणसाचीच वाण होती. पूर्वी मोटार आमच्या दारात उभी राहायची. इंजिनात पाणी भरेपर्यंत सगळे उतारू चहा घ्यायचे. मग थांबा बाजारचौकात गेला आणि आमच्या बाकांवर माश्यासुद्धा बसेनात.

मोठे मामाजी, म्हणजे मामाजींचे थोरले भाऊ, यांची ब्रह्मपुरीला धानाची गिरणी आहे. त्यांनी येऊन सुनावलं, "हाटेल बंद कर. तू पोते मोजजो, पोट्टा कारकुनी करन."

मामाजींनी शंकरपटापर्यंतची मुदत मागून घेतली. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, दहा गावं लोटतात. त्याच दिवसांत आमची टुर्नामेंट धरायची आणि हॉटेल चालतं का ते पाहायचं, असं ठरलं. बक्षीस एक पितळी गुंड, म्हणजे पाण्याची मोठी कळशी. त्या दिवशी आत्याबाईंनी एकच कढई दोनदा घासली. तेवीस वर्षं याच चुलीपाशी उभ्या होत्या त्या.

*

पहिल्या दिवशी एवढी गर्दी झाली की खिडकीचे गज वाकले. मामाजी हरखले. संध्याकाळी गल्ला उघडला आणि डोक्याला हात लावला.

"मानसं शंभर अन् चहा बारा!"

कारण सोपं होतं. चहाला उठलं की जागा गेली! कोणी उठेचना. एकजण तर मुलीचं लग्न ठरवायला आलेला पाहुणा दारात उभा असताना उठला नाही.

मी ह्यांना हळूच म्हटलं, "ते उठत नाहीत तर कढईच तिकडे नेली तर?"

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी चूल खिडकीखाली मांडली आणि लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घेतले. पहिला घाणा निघाला आणि आतल्या खेळाडूचा नेम चुकला.

"हे बेइमानी हाये!" तो ओरडला. मग म्हणाला, "दोन इकडं द्या."

*

शंकरपटाची माणसं टुर्नामेंटला आली ती शंकरपटासारखीच. नावं द्यायला जोडीनं आली. "एकटा कसा खेळन? बैल कधी एकटा पयते का?" खेळाडूच्या कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. नेम धरला की सारं गाव, "हान! हान! हान!"

हे हात जोडून म्हणाले, "भाऊ, हा खेळ चूप राहून पाहाचा असते."

"काऊन? गोळा लाजते का?"

हिरव्या बनातीवरचा तो गुलाल अजून गेलेला नाही. मी तो घासून काढायला बसले होते, तर आत्याबाईंनी हात धरला. "राहू दे. लक्ष्मी आली होती, तिचं पाऊल हाये."

*

आता मुद्द्याचं. जिंकलेला माणूस हॉटेलच्या काही कामाचा नसतो! गावाला सांगायची घाई, चप्पल उलटी घालून पळतो. हरलेला मात्र बसून राहतो. बातमी जरा निवेपर्यंत घरी जायची त्याची छाती होत नाही.

असाच एकजण पडवीत मान घालून बसला होता. आत्याबाईंनी त्याच्यापुढे भात, वांग्याची भाजी, दोन वडे असं ताट ठेवलं. पैसे घेतले नाहीत.

मामाजी उसळले. "हरनाऱ्याले फुकट? आपलं दिवाळं काढतं का?"

"माह्या दारातून मानूस तोंड पाडून जाते, हे मले नाई जमत."

अन् झालं काय, तो जेवायला बसला तसे त्याची समजूत घालायला सहाजण भोवती बसले. समजूत कोरड्या तोंडानं घालता येत नाही. सहाही जणांनी चहा आणि वडे मागवले, पैसे मोजून! त्या दिवसापासून हरणाऱ्याचं ताट सुरू झालं आणि आमचे बाक भरू लागले. मी नवी सून. माझ्या हातून भात करपला तेव्हाही आत्याबाईंनी मला पहिल्यांदा जेवायलाच वाढलं होतं. त्यामुळे मला काही नवल वाटलं नाही.

*

फॉरेस्ट गार्ड मारोती रोजच जिंकायचा. गोंड वस्तीवरचे कोवाबाबा चारोळी विकायला यायचे आणि खेळ बघत थांबायचे. चौथ्या दिवशी ह्यांना म्हणाले, "टेबल नदीकडं झुकून राह्यलं."

कोणाला पटेना. बाबांनी एक गोळा मधोमध ठेवला. तो सावकाश, जावई सासुरवाडीला निघावा तसा, नदीकडच्या कोपऱ्यात गेला!

बाबांनी बांबूची एक चकती तासून टेबलाच्या पायाखाली सरकवली. गोळा जागच्या जागी उभा. तेव्हापासून मारोतीचं जिंकणं अर्ध्यावर आलं. त्याला उतार पाठ होता!

"बाबा, पोटावर पाय देल्ला तुमी," मारोती म्हणाला आणि त्यांना चहा पाजला.

*

आणि हा शेवटचा.

शेवटच्या दिवशी मोठे मामाजी मुदत संपली म्हणून आले. टेबल पाहिलं आणि कोट काढला. "नागपूरले क्लबात खेळलो हावो मी." खरंच खेळलेले होते. सकाळीच ओळीनं तिघांना हरवलं. दुपारी जेवायच्या सुट्टीनंतर मारोतीशी शेवटची फेरी.

हात धुता धुता ते मामाजींना म्हणाले, "हे जिंकलो का पाचच्या मोटारीनं जातो. उद्या गाड्या पाठवतो. सामान भरजा."

"दादा, बाक भरले हायेत, पाह्य ना."

"पाहाले वेळ कुठी हाये?"

स्वयंपाकघरात आत्याबाई हे ऐकत कढईसमोर उभ्या होत्या. भासऱ्यांपुढे, म्हणजे थोरल्या दिरांपुढे, त्या बोलत नाहीत. मग कोपऱ्यातली केरसुणी उचलून माझ्या हातात दिली.

"जितलेला मानूस थांबत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "जाय, टेबलाखाली झाडून घे."

मी गेले. नीट झाडलं.

फेरी सुरू झाली. मोठ्या मामाजींचा पहिला गोळा जाळीच्या तोंडापर्यंत गेला आणि नदीकडे वळला. दुसराही वळला. मारोतीनं भुवया उचलल्या, काठीला खडू लावला आणि ओळखीच्या वाटेनं एकेक गोळा घरी पोचवला.

"असा कसा हरलो?" मोठे मामाजी बाकावर बसले. ताट समोर आलं. भोवती आठजण बसले. चहा आला, वडे आले, पुन्हा वडे आले. चौकात पाचची मोटार वाजली. ते उठले नाहीत.

तिसऱ्यांदा भात घेताना म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येतो अन् या मारोतीले दाखवतो."

मामाजींनी भीत भीत विचारलं, "अन् गाड्या?"

"कायच्या गाड्या? मी येईपर्यंत हाटेल बंद करशीन तं पाह्य!"

मी रिकामं ताट घेऊन आत गेले. आत्याबाईंनी माझ्याकडे न पाहता हात पुढे केला. मी पदराची गाठ सोडून बांबूची चकती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पदराला पुसली आणि मिठाच्या बरणीमागे ठेवून दिली.

"इथीच राहू दे," त्या म्हणाल्या. "मंगळवार झाला का लावू."