कांबळेबाईंचं खारं अळू

कांबळेबाई रोज संध्याकाळी गच्चीतल्या अळूला मिठाचं पाणी घालायच्या. तेही काट्यावर मीठ तोलून. धायरीतल्या आमच्या सोसायटीत त्यावरून पुष्कळ विनोद झाले. मी एकदा तोंडावरच विचारलं, "अहो, कशाला छळता त्या बिचाऱ्यांना?" बाई म्हणाल्या, "मी कुठे छळते? छळतोय समुद्र. मी नुसता सराव करून घेतेय."

बाई वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. लोसा ही त्यांची विद्यार्थिनी पॅसिफिक महासागरातल्या एका सपाट बेटावरून पुण्यात शिकायला आली होती. तिथे अळूचे कंद म्हणजे रोजचं जेवण, आपल्याकडे भाकरी तसे. पण समुद्र चढत गेला, खारं पाणी जमिनीखालून वाफ्यांत शिरलं आणि कंद जागच्या जागी कुजू लागले. लोसाने येताना आईच्या वाफ्यातले बारा कंद आणले होते, ते परत जाताना बाईंकडे ठेवले. खाऱ्या पाण्यात तगणारा एखादा जरी निघाला, तरी तो वाढवून बेटावर पुन्हा लावता आला असता.

चार वर्षांत दहा गेले. कुणी चौकशी केली की बाई सांगायच्या, "दहा जणांनी राजीनामा दिला. दोघं अजून कामावर आहेत."

मागच्या भाद्रपदात त्या आठ दिवस बहिणीकडे सोलापूरला गेल्या. गच्चीची किल्ली आणि मिठाच्या पुड्या माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "पाणी तेवढं घाला." मी नेमाने घातलं. पण दोन्ही झाडांची पानं चांगली सुपाएवढी झाली होती आणि कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. घरात गौरी बसलेल्या. अळू म्हणजे पानं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं, की वाया जाऊ नयेत म्हणून सगळी कापली. वड्या केल्या. बाईंसाठी डबा भरून ठेवला.

त्या आल्या, डबा उघडला, पानं कुठली ते विचारलं. मग एक वडी पूर्ण खाल्ली. "वाया जाऊ नयेत म्हणून कापलीत? बरं केलंत. आता वाया जायला काही उरलंच नाही."

पंधरा दिवसांत दोन्ही कंद कुजले. मिठाशी झगडणाऱ्या त्या झाडांचा सगळा जीव पानांवर होता, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी माझ्यासमोरच लोसाला फोन लावला आणि सांगितलं, "माझ्या हातून गेले." मी तोंड उघडलं, तर हातानेच गप्प केलं. नवीन कंद पाठवशील का, असं त्यांनी विचारलं. लोसा म्हणाली, "मॅडम, वाफ्यांत आता समुद्रच आहे. शेवटचे कंद आईने गेल्या वर्षी उकडून आम्हाला वाढले. आता बोट येते तेव्हा तांदूळ मिळतो."

त्यानंतर बाई गच्चीत गेल्या नाहीत. हिवाळ्यात वारल्या.

लोसाचा फोन मला आला. ती रडत होती. "मॅडमना फार लागलं असेल ना? मी त्यांच्यावर रागावले नव्हते, हे सांगायचं राहिलं." मी म्हटलं, "त्यांना ठाऊक होतं." रागवायचं कुणावर, ते मात्र मी तिला सांगितलं नाही.